धबधब्याच्या वरच्या दोन काठ्या

मार्चमध्ये मोसाउ नदीच्या काठाला अजून बर्फ असतो, सामन मासे दूर समुद्रात असतात, आणि ओडनी शाळेत तिसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी शिकवत असते. स्टेनथोरचा फोन नेमका अशाच वेळी येतो.

"ओडनी, जुलैचं ठरवायचं होतं."

"मी वर्गात आहे, स्टेनथोर."

"दोनच मिनिटं. मुलांना काहीतरी लिहायला दे."

ओडनी हिवाळ्यात शिकवायची आणि उन्हाळ्यात नदीवर गाइड म्हणून काम करायची. कोणत्या डोहावर कधी जायचं, गळाला पिसांची कोणती खोटी माशी बांधायची, पाण्यात पाय कुठे ठेवायचा, हे सगळं ती लोकांना दाखवायची. दोन्ही कामांना धीर लागतो असं लोक म्हणत. ते खरंच होतं, पण दोन्हीकडचा धीर सारखा नसतो. सात-आठ वर्षांच्या पोराला एकदा नीट समजावलं की ते निदान संध्याकाळपर्यंत लक्षात ठेवतं. इल्लुगीच्या घरच्यांना गेली कितीतरी वर्षं ती एकच गणित समजावत होती, आणि दर मार्चमध्ये पाटी कोरी.

गणित असं होतं. जुलैअखेरचे तीन दिवस धबधब्याच्या खालच्या पाण्यात गळाच्या दोन काठ्या या घराण्याच्या. एका वेळी किती काठ्या पाण्यात असाव्यात हे नदीकाठच्या शेतकऱ्यांचं मंडळ ठरवतं, आणि प्रत्येक काठीवर कुणाचं तरी नाव लागतं. काठ्या दोन आणि माणसं चार: म्हातारा इल्लुगी, त्याचे मुलगे स्टेनथोर आणि कोल्बेन, आणि सगळ्यांत धाकटी गेर्दुर. दोन काठ्या चौघांत आळीपाळीने वाटणं यात अवघड काही नाही. पण मध्ये एक पर आडवा यायचा.

सामनच्या पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे, करंगळीच्या पेराएवढा एक मऊ पर असतो. आयुष्यातला पहिला सामन धरला की तो पर दातांनी तोडायचा आणि गिळायचा, हा आइसलँडमधला जुना रिवाज. बहुतेक घरांत त्याची गंमत करतात, फोटो काढतात, वर घोटभर दारू पितात आणि विसरून जातात. इल्लुगीच्या घरात मात्र त्याचा कायदा होऊन बसला होता. ज्याने पर गिळला नाही, त्याच्या नावाने काठी नाही. स्टेनथोरने बाराव्या वर्षी गिळला, कोल्बेनने दहाव्या, आणि हा फरक दोघांना टक्कल पडलं तरी जेवताना निघायचाच. गेर्दुर शेहेचाळीसची झाली होती आणि तिचा पर अजून राहिलाच होता. तो राहणारच होता. मासा नाही म्हणून काठी नाही, आणि काठी नाही म्हणून मासा नाही. ती मासा काठावर घ्यायची जाळीची झोळी धरायची, कॉफी ओतायची, आणि भावांना दया आलीच तर ज्या डोहात काही लागत नाही अशा डोहात तिला अर्धा तास उभं करायचे.

"तर ऐक," स्टेनथोर फोनवर म्हणाला. "एका काठीवर मी आणि बाबा. दुसरीवर कोल्बेन. झालं."

"आणि गेर्दुर?"

"ती येतेय की. ती कुठे नाही म्हणतेय?"

"येतेय, पण काठी?"

"ओडनी, तुला आमच्याकडचं माहीत आहे. मी थोडाच केलाय नियम."

"मग कुणी केलाय?"

"ते... आधीपासूनच आहे."

वर्गातल्या एका मुलीने हात वर केला. ओडनीने फोन ठेवला, आणि फळ्यावर खडू जरा जोरात टेकल्यामुळे तो मोडला.

दोन दिवसांनी कोल्बेनचा फोन. तो राजधानीत विम्याच्या कंपनीत होता आणि मासेमारीचं जेवढं सामान जगात निघेल तेवढं घ्यायचा. "ओडनी, स्टेनथोर काय म्हणाला ते विसर. बाबा माझ्या काठीवर. स्टेनथोरबरोबर बाबाची पाळी कधी येतच नाही. मागच्या वर्षी बघितलंस ना? बाबा दगडावर बसून होता आणि हा एकाच डोहात मुळं धरून उभा."

"तुमच्या बाबालाच विचारू का?"

"विचार की!"

तिने इल्लुगीला फोन केला. इल्लुगीची शेती नदीच्या खालच्या अंगाला होती. आता ती त्याने दुसऱ्याला कसायला दिली होती, पण घर आणि नदी सोडली नव्हती. तिने सगळं विचारलं: कोणाच्या काठीवर, सकाळची पाळी की दुपारनंतरची, गाडी जिथवर जाते तेच डोह घ्यायचे का, गुडघा कसा आहे. पलीकडे बराच वेळ केटलीची शिटी ऐकू आली.

"बघू," इल्लुगी म्हणाला, आणि फोन ठेवला.

चौथा फोन गेर्दुरचा. ती आकुरेरीच्या इस्पितळात सुईण होती, त्यामुळे तिचा फोन बहुधा कुठल्यातरी जिन्यातून यायचा आणि आवाज घुमायचा.

"ओडनी, यंदा मला काठी हवी आहे. माझ्या नावाने."

"मला द्यायला हरकत नाही गं. पण यादी तुझे भाऊ भरतात."

"म्हणून तर तुला सांगतेय. बाबा त्र्याऐंशीचा झाला. पुढच्या वर्षी तो पाण्यापर्यंत येईल की नाही कोण जाणे. त्याने एकदा तरी मला मासे धरणारं माणूस म्हणून बघावं. झोळी धरणारं म्हणून नाही. मला बाकी काही नको."

ओडनीला तिची मासेमारी ठाऊक होती. सुट्टीच्या दिवशी गेर्दुर एकटीच पठारावरच्या तळ्यांवर ट्राउट धरायला जायची. एकदा ओडनीने तिला दुरून बघितलं होतं. हात कुठेही घाईचा नाही, दोरी पाण्यावर अशी उतरायची की पाण्याला कळूही नये. दोन्ही भावांना मिळून जेवढं येत होतं त्याहून ते जास्त होतं. पण ट्राउट म्हणजे या घरात मासाच नव्हे.

आणि त्यातूनच कोल्बेनला तोडगा सुचला.

"धबधब्याच्या वरचा भाग घेऊ," एप्रिलमध्ये त्याने सांगितलं. स्टेनथोरही त्याच फोनवर होता. "तिथे ट्राउट आहेत. तिला ट्राउट आवडतात. तिच्या नावाने काठी म्हणतेस ना? होऊन जाऊ दे. आम्ही खाली, ती वर. भांडण नाही, काही नाही."

"वरच्या काठ्या सुट्ट्या मिळत नाहीत, दोन एकदम घ्याव्या लागतात," ओडनी म्हणाली. "दुसरीवर कुणाचं नाव घालू?"

"तिचंच घाल."

"तुमच्यापैकी कुणी एकाने घ्या ना. वर जावंसं वाटलं तर जाता येईल."

"ट्राउटच्या काठीवर माझं नाव?" स्टेनथोर हसला. "मंडळाची यादी सगळ्या खोऱ्यात फिरते, ओडनी. माझं टायरचं दुकान आहे, मला लोकांना तोंड दाखवायचंय."

"आणि गेल्या सप्टेंबरात धबधब्याच्या कडेला मंडळाने माशांसाठी पायऱ्या बांधल्यात. सामन आता वर जाऊ शकतो."

"सामन काय पोस्टमन आहे का जिने चढायला? सभेतही मी हेच म्हणालो. सिमेंट वाया घालवलं सगळं."

ओडनीने दोन्ही काठ्यांवर गेर्दुरचं नाव लिहिलं. तिला वाटलं, गेर्दुर चिडेल, रडेल, येतच नाही म्हणेल. गेर्दुरने फक्त विचारलं, "वरच्या पाण्याची खोली किती आहे गं?"

त्यानंतर जूनअखेरपर्यंत फोन येतच राहिले. स्टेनथोरला पहिली सकाळ खालच्या मोठ्या डोहावर हवी होती. कोल्बेनलाही तीच सकाळ आणि तोच डोह. कोल्बेनने नदीवरच्या मुक्कामघराच्या स्वयंपाकिणीला कळवलं की तो आता लोणी खात नाही, आणि स्टेनथोरने कळवलं की कोल्बेनचं ऐकू नका. ओडनी प्रत्येक वेळी बेत नव्याने मांडायची, दोघांना पाठवायची, आणि दोघंही "एकदम छान" असं कळवून दुसऱ्या दिवशी फोन करायचे. शाळा सुटली तेव्हा तिला खरोखरच वाईट वाटलं. वर्गात निदान घंटा तरी होते.

*

जुलैअखेर चौघंही नदीवरच्या मुक्कामघरी आले. पाऊस महिनाभर झाला नव्हता. नदी इतकी उतरली होती की एरवी पाण्याखाली असणारे दगड उन्हात मेंढ्यांसारखे पसरले होते.

दारातच औषधाच्या पाण्याचं पिंप होतं. दुसऱ्या नद्यांवरचे रोग इथे यायला नकोत म्हणून प्रत्येकाने आपली काठी, बूट आणि छातीपर्यंतच्या रबरी विजारी त्यात बुडवून काढायच्या. गेर्दुरने न सांगता बुडवल्या. इल्लुगीने बुडवल्या. कोल्बेन आपली विजार छातीशी धरून उभा राहिला.

"ही नवी कोरी आहे. दुकानातून थेट."

"जूनमध्ये नॉर्वेतला फोटो टाकला होतास तू," ओडनी म्हणाली. "हीच घालून."

"ती फक्त फोटोसाठी घातली होती!"

"पाण्यात उभं राहून."

कोल्बेनने विजार बुडवली. मग ओडनीने सगळ्यांना बसवलं आणि नियम सांगितले, सावकाश, एकेक, जसे ती पहिल्या दिवशी वर्गात सांगते. खाली दिवसाला एक लहान सामन ठेवता येईल, मोठा सोडायचा. धबधब्याच्या वर ट्राउट ठेवता येईल, पण सामन दिसलाच तर लहान असो मोठा असो, सोडायचाच. पायऱ्या नव्या आहेत, माशांना वर बस्तान बसवू द्यायचं आहे. दुपारी एक ते चार कुणीही पाण्यात नाही.

"वर सामन दिसलाच तर!" स्टेनथोर म्हणाला आणि कोल्बेनच्या पाठीवर थाप मारली. तीन महिन्यांत दोघं भाऊ पहिल्यांदाच एकमताचे झाले होते.

पहिल्या दिवशी खाली काहीच लागलं नाही. उतरलेल्या, कोमट पाण्यात सामन मोठ्या डोहाच्या तळाशी काळ्या ओंडक्यांसारखे पडून होते आणि समोरून जाणाऱ्या माशीकडे बघतही नव्हते. ओडनी म्हणाली, सगळ्यांत लहान माशी लावा, दूर उभे राहा, पाण्यावर सावली पडू देऊ नका. स्टेनथोरने सगळ्यांत मोठी लावली, कारण "त्यांना जागं करायला हवं". कोल्बेन डोहाच्या काठावर जाऊन मासे मोजत उभा राहिला आणि त्याची लांबच लांब सावली पार पलीकडच्या काठापर्यंत गेली.

"कोल्बेन, मागे ये."

"एक मिनिट, बारा आहेत. तेरा!"

"तेराच्या तेरांना तू दिसतोयस."

इल्लुगी गाडीजवळच्या दगडावर बसून होता. त्याची पाळी दोनदा आली आणि दोन्ही वेळा स्टेनथोर "ही एवढी एकच फेक" म्हणत राहिला. म्हाताऱ्याने लोणी लावलेला सुका मासा खाल्ला आणि नदीकडे बघत राहिला. संध्याकाळी ओडनी हात धुताना स्वतःशीच पुटपुटत होती, आणि स्वयंपाकीण म्हणाली, "तुला काही म्हणायचं असेल तर मोठ्याने म्हण, मलाही बरं वाटेल."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ओडनीने वर जायची तयारी केली.

"वर?" स्टेनथोर दारात उभा. "आम्ही खाली आणि गाइड वर?"

"काल दिवसभर मी तुमच्याबरोबर होते. आज सकाळ गेर्दुरची. बेतात लिहिलंय. तू 'एकदम छान' असं कळवलंही होतंस."

"अगं, ट्राउटला गाइड कशाला लागते?"

"आणि तुला कशाला लागते?" ओडनी म्हणाली. "मी सांगते ते तू ऐकत नाहीस. काल बघितलं मी."

धबधब्यापर्यंत गाडी जायची. तिथून पुढे मेंढ्यांची पायवाट होती, दगडांतून आणि दलदलीतून. वरचं पाणी अरुंद होतं आणि गार, कारण डोंगरातले झरे तिथेच नदीला मिळत. ओडनी चालता चालता थांबली. एका वळणावर उतरणीचं फेसाळ पाणी एका लांबट डोहात शिरत होतं, आणि मधोमध एक काळा दगड होता. दगडाच्या मागे पाणी गुळगुळीत दिसत होतं.

"इथे ट्राउट असेल," ओडनी म्हणाली.

"असेल," गेर्दुर म्हणाली. ती काठावर आली नाही. चार पावलं मागे गुडघ्यावर बसली आणि बराच वेळ नुसतं पाणी बघत राहिली. मग दोरी सोडली. माशी दगडाच्या वरच्या अंगाला पडली, प्रवाहाबरोबर वळली, गुळगुळीत पाण्यावरून सरकली.

पाणी फुगलं. आवाज झाला नाही, नुसतं फुगलं आणि बसलं.

गेर्दुरने काठी वर केली, आणि तिची बारीक ट्राउटची काठी मुठीपर्यंत वाकली.

"हा ट्राउट नाही," ओडनी म्हणाली.

"दिसतंय मला."

मासा खाली गेला, मग वर उतरणीकडे निघाला, आणि रीळ ओरडायला लागलं. दोरी शिवणाच्या दोऱ्याएवढी. खालच्या भागात एवढ्या दोरीने सामन धरायला कुणी धजलं नसतं. मासा एकदा हवेत आला, रुपेरी आणि लांब, आणि पाण्यावर असा आपटला की ओडनी ओरडलीच.

"ओढू नको! गेर्दुर, ओढू नको!"

"मला सांगतेस?" गेर्दुर दातांतून म्हणाली. "ओढायचं नसतं हे आम्हा सुईणींना पहिल्या दिवशी शिकवतात."

ती माशाबरोबर काठाकाठाने चालत राहिली. तो थांबला की थांबायची, तो गेला की दोरी द्यायची. दोनदा तो दगडाकडे निघाला आणि दोनदा तिने काठी आडवी करून त्याला हलकेच वळवलं. ओडनीला काहीतरी सांगायचं होतं, पण सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. शेवटी मासा थकून कुशीवर आला. झोळी ओडनीने धरली. तेवढं तरी तिच्या वाट्याला आलं.

मासा गेर्दुरच्या हातापेक्षा लांब होता. तिने तो पाण्यातच ठेवला, एक हात पोटाखाली, एक शेपटीशी. पाठीवरचा तो छोटा पर पाण्याबाहेर डोकावत होता.

दोघींनी त्याच्याकडे बघितलं.

"हा पर," गेर्दुर म्हणाली.

"नियम मी सांगितलाय तुला," ओडनी म्हणाली, आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. "पण तो सोडायचा की नाही हे तुझ्या हातात आहे, अक्षरशः. मी तिकडे बघते हवं तर."

"तिकडे बघू नको. इकडेच बघ. कुणीतरी बघितलेलं असायला हवं."

तिने माशाचं तोंड प्रवाहाकडे केलं. कल्ले उघडझाप करू लागले, एकदा, दोनदा, मग जोमाने. शेपटी तिच्या मुठीत हलली, आणि तिने मूठ उघडली. मासा क्षणभर तिथेच थांबला, जणू जायचं आहे हे त्याला पटलं नव्हतं. मग काळ्या दगडामागे गेला.

गेर्दुर गार पाण्यात तशीच बसून राहिली.

"कॉफी देऊ?" ओडनीने विचारलं.

"दे. यंदा तू ओत."

*

दुपारच्या जेवणाला बटाटे, उकडलेला मासा आणि राईची गोड भाकरी होती. खाली आजही काही लागलं नव्हतं. गेर्दुरने एका वाक्यात सांगितलं आणि बटाटा सोलायला घेतला.

"सामन?" स्टेनथोर म्हणाला. "वर?"

"वर."

"मोठा ट्राउट असेल," कोल्बेन म्हणाला. "उन्हात चकाकतो. होतं असं."

"कोल्बेन," ओडनी म्हणाली, "मी झोळी धरली होती."

मग स्टेनथोरने काटा खाली ठेवला. "बरं, सामन. अभिनंदन. पण पर कुठाय?"

"माशावर," गेर्दुर म्हणाली.

"म्हणजे नाही ना गिळला? मग ते धरत नाहीत. मी काही वाईट म्हणून बोलत नाही, गेर्दुर, पण आपल्या घरात..."

"तो सोडावाच लागतो, स्टेनथोर! मी तुमच्यासमोर सांगितलं होतं!" ओडनीचा आवाज चढला. स्वयंपाकीण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"सोडायचा तर सोडायचा," स्टेनथोर समजुतीच्या सुरात म्हणाला. "पर चावून मग सोडायचा. तेवढ्याने मासा मरत नाही."

"आणि मग?" गेर्दुरने विचारलं. "पैदास केंद्रातल्या माशांचाच पर कापलेला असतो ना? डोक्यात खुणेची तार घातलीय हे कळावं म्हणून? उद्या तो दुसऱ्या कुणाला लागला, त्याने बघितलं पर नाही, आणि नियमाप्रमाणे मुंडकं कापून शास्त्रज्ञांना पाठवून दिलं, तर? मी सोडला कशाला?"

स्टेनथोरने भाकरीला लोणी लावलं. "ते वेगळं. मी घरातल्या रिवाजाचं बोलतोय."

"तुझा रिवाज म्हणतो गिळ, मंडळ म्हणतं सोड," ओडनी म्हणाली. "म्हणजे यापुढे वर कुणी कितीही मासे धरले तरी धरलेच नाहीत. असंच ना? तिसरीतल्या पोराला सांगून बघ हे. ते सुद्धा हसेल."

इल्लुगी इतका वेळ माशातले काटे काढत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "कुठे लागला?"



"वळणावर," गेर्दुर म्हणाली. "उतरण संपते तिथे. मध्ये काळा दगड आहे."

"दगडाच्या वर की खाली?"

"माशी वर टाकली. घेतली खाली."

"काय लावलं होतंस?"

"तपकिरी. अगदी बारीक. ट्राउटचीच."

इल्लुगीने मान हलवली आणि पुन्हा जेवायला लागला. गेर्दुर त्याच्याकडे बघत राहिली, मग तिने पुढचा बटाटा सोलायला घेतला.

कोल्बेन मात्र खुर्चीत सरसावून बसला होता. "म्हणजे वर गार पाणी आहे. मासे तिथेच गेले असणार सगळे. स्टेनथोर, चारनंतर आपण दोघं वर."

"मीही तेच म्हणणार होतो. गेर्दुर खाली बाबाबरोबर थांबेल. ओडनी, आम्हाला तो काळा दगड दाखव."

ओडनीने पाण्याचा पेला हातात घेतला, प्यायली, आणि अगदी सावकाश खाली ठेवला. मार्चपासून ती या क्षणासाठी जगत होती असं म्हटलं तरी चाललं असतं, फक्त तिला ते ठाऊक नव्हतं.

"वरच्या दोन काठ्या गेर्दुरच्या नावावर आहेत," ती म्हणाली. "दोन्ही. तुम्हीच सांगितलंत. मला काय विचारता, तिला विचारा."

दोन्ही भावांनी बहिणीकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना तिच्याकडे काहीतरी मागायचं होतं, आणि ते कसं करतात हे त्यांना माहीत नव्हतं.

"गेर्दुर," कोल्बेन म्हणाला, "तू काही दोन काठ्या एकदम वापरणार नाहीस."

"नाही. एक माझी. दुसरी बाबाची."

"बाबाची? अगं, तो वर कसा चढेल? दलदल आहे, त्याचा गुडघा बघ!"

"गुडघा माझा आहे," इल्लुगी म्हणाला. "घोडा आणा."

आणि ओडनीचा बेत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. शेजारच्या शेतावर घोडे होते, पण शेतकरी गवत कापण्यात गुंतला होता आणि ऊन असेपर्यंत तो यंत्रावरून उतरणार नव्हता. त्याची बायको म्हणाली, घोडा न्या, पण शहाणा आमच्या पोरीने नेलाय, हा उरलेला जरा हट्टी आहे. ओडनी म्हणाली, हट्टी चालेल, मला सवय झाली आहे. खोगीर कोल्बेनने उलटं धरलं. स्टेनथोर म्हणाला, घोडा मी ओढतो. घोडा काही म्हणाला नसेल, पण त्याच्या कानांवरून त्याचं मत कळत होतं. कोल्बेनच्या पाठीवर म्हाताऱ्यासाठी घडीची खुर्ची आणि कॉफीचा थर्मास आला, स्टेनथोरच्या खांद्यावर झोळी. दलदलीत स्टेनथोरचा बूट रुतला आणि तो शिव्या देत उभा राहिला, तेव्हा इल्लुगी घोड्यावरून म्हणाला, "हळू. तुला खुर्ची हवी आहे का?"

चार वाजून गेल्यावर ते वळणावर पोचले. स्टेनथोरच्या खांद्याचा आधार घेऊन म्हातारा उतरला. कोल्बेनने माश्यांची पेटी उघडली. "बाबा, ही बघ, ही लाल, नॉर्वेमध्ये हिच्यावरच..."

"कोल्बेन," ओडनी म्हणाली, "बस खाली."

तो बसला. घडीच्या खुर्चीवर बसला, आणि ती कुणासाठी आणली आहे हे लक्षात आल्यावर उठला.

इल्लुगी काठी घेऊन पाण्यापासून जरा दूर उभा राहिला. या नदीवर तो जन्मला होता. तिच्या खालच्या अंगाचा एकेक दगड त्याने पायांनी ओळखला होता आणि कोणत्या डोहावर कुठे उभं राहायचं हे त्याने भल्याभल्यांना सांगितलं होतं. धबधब्याच्या वरचं पाणी त्याच्यासाठी नेहमी नुसतं वरचं पाणी होतं. तिथे मेंढ्या शोधायला जायचं, मासे धरायला नाही. आता तो त्या पाण्याकडे बघत होता, उतरणीकडे, फेसाकडे, काळ्या दगडामागच्या गुळगुळीत पट्ट्याकडे. स्टेनथोर सवयीने दोन पावलं पुढे सरकला, बापाला जागा दाखवायला.

इल्लुगीने त्याच्याकडे बघितलंच नाही. तो मुलीकडे वळला.

"मी कुठे उभा राहू?"

ओडनीने आपल्या बुटांकडे बघायला सुरुवात केली. स्टेनथोर जिथे होता तिथेच थांबला, एक पाय हवेत असल्यासारखा.

"त्या लव्हाळ्यापाशी," गेर्दुर म्हणाली. "त्याच्या पुढे नको, सावली पडते. दोरी थोडीच सोड. दगडाच्या वर टाक आणि तिची तिला येऊ दे."

म्हातारा लव्हाळ्यापाशी गेला. सावकाश, गुडघा सांभाळत, जिथे सांगितलं तिथेच थांबला. त्याने दोरी सोडली. ती दगडाच्या पलीकडे, जरा लांबच पडली.

"लांब झाली, बाबा."

इल्लुगीने दोरी गोळा केली, आणि पुन्हा टाकली.